पीटी सरांचा डावा गुडघा

पुनाराम गजभिये यांना अख्खा वॉर्ड पीटी सर म्हणायचा. खैरलांजीकडच्या सरकारी शाळेत त्यांनी एकतीस वर्षं पोरांना पळवलं, कबड्डी शिकवली, आणि निवृत्त झाल्यावर बालाघाटच्या दोन खोल्यांच्या घरात येऊन बसले ते बसलेच. बायको कमला दोन वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी आम्रपाली चेन्नईत पीएचडी करत होती. घरात बोलायला टीव्ही तेवढा उरला होता, आणि तो कोणाचं ऐकून घेत नाही.

सरांचा डावा गुडघा तिशीतच कामातून गेला होता. कबड्डीत एका पोरानं त्यांचा पाय धरला, सर गर्रकन वळले आणि आत काहीतरी कट्ट वाजलं. तेव्हा हळदीचा लेप आणि महिनाभराची सुट्टी, एवढ्यावर भागलं. पुढे महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तो गुडघा अवचित सटकायचा, सर भिंत धरायचे आणि आपल्या वाटेनं चालू लागायचे. या गुडघ्याचं कधी कोणाला कौतुक वाटेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

कौतुक वाटलं ते त्यांच्या लेकीला. आम्रपालीचा अभ्यास होता लिगामेंटचा, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या गुडघ्यातल्या पट्ट्यांचा. फेब्रुवारीत ती आली, वडिलांना गोंदियाला नेऊन एमआरआय काढून घेतला आणि त्यावरून लॅपटॉपमध्ये त्यांचा हुबेहूब गुडघा तयार केला. सर चष्मा पुसून पाहत राहिले. आपल्या देहातली ही जागा आपल्याआधी लेकीनं पाहिली, याची त्यांना जरा लाजच वाटली.

“फोटोत पट्टा दिसते बाबा,” आम्रपाली म्हणाली, “पण तो किती ताणून आहे, ते नाही दिसत. ते मले अंदाजानं भरा लागते. मंग कॉम्प्युटरमधला गुडघा वाकवून पाहाचा. तुमचा जिथं सटकते, तिथंच त्याचाही सटकला, तर समजायचं का माझा अंदाज सही आहे.”

“मंग मी काय करू?”

“सटकला का मले सांगायचं. काय करत होते, किती वाकला होता, पंजा कोणत्या बाजूले होता. मी रोज संध्याकाळी सहाले फोन करीन.”

रोज! आतापर्यंत तिचा फोन यायचा रविवारी, तोही कपडे धुता धुता, मध्येच नळाचा आवाज. सरांनी लगेच एक वही काढली आणि शाळेतल्यासारखे लाल शाईनं रकाने आखले.

पण रोजचा फोन म्हणजे काय, ते आठवडाभरात कळलं. सर साडेपाचपासूनच ओसरीत खुर्ची टाकून बसायचे. सहाला फोन वाजायचा. “सटकला का?” “नाही.” “ठीक आहे, ठेवते मंग.” पुरता एक मिनिटही नाही. एवढ्याशा बोलण्यासाठी सरांनी दुपारपासून काय काय योजून ठेवलेलं असायचं, ते सगळं तसंच राहायचं.

एप्रिलमध्ये सायकलवरून उतरताना गुडघा खरोखर सटकला. त्या दिवशी आम्रपाली बावीस मिनिटं बोलली. पाय कसा पडला, दुखतं का, जवळ कोण होतं, घरी कसे आले, जेवले का, काय जेवले. “भाजी कोणती केली?” असंही तिनं विचारलं. फोन ठेवला तेव्हा सरांचा गुडघा सुजला होता आणि माणूस अगदी खुशीत होता. हसण्यावारी नेऊ नका. एकट्या माणसाला कोणी भाजी विचारणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत.

मग पुन्हा “नाही” आणि “ठेवते”. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सर म्हणाले, “हौ, सटकला आज.”

आता हा माणूस कोण, तर शाळेच्या स्पर्धेत शिट्टीआधी पाऊल पुढे टाकलं म्हणून स्वतःच्या पोरीला शर्यतीतून बाहेर काढणारा. खोटं बोलायची सवय नसली की माणूस खोट्यातही मेहनत करतो. आधी घरात तसं बसून पाहायचं, वळून पाहायचं, गुडघा किती वाकतो त्याचा अंदाज घ्यायचा, मग वहीत लिहायचं. कधी ते मांडी घालून उठताना सटकले, कधी रेशनच्या रांगेत नुसते उभे असताना. एकदा तर हट्टा गावच्या बावडीच्या, म्हणजे जुन्या विहिरीच्या, पायऱ्या उतरताना सटकले, आणि ती संध्याकाळ एकतीस मिनिटांची झाली.

शेजारच्या जिजाबाई भिंतीपलीकडून सगळं ऐकत होत्या. “काहो सर,” त्या म्हणाल्या, “हट्ट्याले कधी गेलते तुम्ही? दिवसभर त माह्यासमोर तांदूळ निवडून राह्यले होते.”

“तब्येतीचं बोलून राह्यलो पोरीसंग,” सर म्हणाले.

“मले काय, बोला ना बापा,” असं म्हणून जिजाबाई आत गेल्या. त्यांचीही दोन्ही मुलं नागपूरला होती, त्यामुळे त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सहाला फोन आला तो वेगळ्याच आवाजात. “सटकला का” हा प्रश्न नव्हताच.

“बाबा, जुळूनच नाही राह्यलं काही,” आम्रपाली म्हणाली. “तुम्ही मांडी घालून उठताना सटकले म्हणून मी मागचा पट्टा ढिला केला. रांगेत उभे होते म्हणून बाजूचे ढिले केले. आता कॉम्प्युटरमधला तुमचा गुडघा उभाच नाही राहत. वजन टाकलं का कोसळते.”

“मंग?”

“गाईड म्हणतात, वडिलांच्या नोंदी सोडून दे. मी त्यांले म्हटलं, चार सालचं माझं मॉडल चुकू शकते, पण माझे बाबा खोटं नाही बोलत. सोमवारी पीएचडीची कमिटी आहे. सांगून टाकते का पद्धतच गलत निघाली. पुन्हा शुरू से.”

ती रडत नव्हती, पण रडून झालेलं होतं. सर “बरं” म्हणाले.

शनिवार त्यांनी कसाबसा काढला. लाज तर वाटत होतीच, इतकी की वहीकडे बघवेना. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा भीती मोठी होती. खरं बोललो की संध्याकाळचे सहा गेले, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि नाही बोललो तर पोरीची चार वर्षं गेली. एका बापासाठी यात विचार करण्यासारखं काही नसावं, तरी सरांनी पूर्ण दीड दिवस विचार केला, आणि त्याबद्दल त्यांनी स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

रविवारी दुपारी त्यांनी स्वतःहून फोन लावला.

“आमू, मॉडल नाही चुकलं तुझं. मी चुकलो. म्या खोटं सांगतलं.”

सर खुर्चीवरून उठून उभे राहिले.

“सारंच नाही. काही खरं आहे. पण तू फोन लवकर ठेवत होती, म्हणून मी…”

“ते नंतर बोलू, बाबा,” आम्रपाली घाईनं म्हणाली. आवाज एकदम जागा झाला होता. “वही घ्या. एकेक तारीख वाचते. फक्त खरं का खोटं, तेवढंच सांगा. अकरा एप्रिल?”

“खरं.”

“वीस एप्रिल?”

“खोटं.”

“तीन मे, मांडी घालून?”

“खोटं.”

अशा अठ्ठावीस तारखा झाल्या. सर ताठ उभे राहून उत्तरं देत होते, जणू हजेरी घेणारी ती होती आणि वर्गातलं पोरगं ते होते. बावडीच्या तारखेलाही “खोटं” एवढं स्पष्ट निघालं. शेवटी खऱ्या निघाल्या फक्त पाच.

“फोन ठेवू नका,” आम्रपाली म्हणाली. मग तासभर फक्त कीबोर्डची टकटक ऐकू येत राहिली. सरांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. तिचा श्वास ऐकू येत होता, मध्येच ती पाणी प्यायली तेही कळलं. त्यांना वाटलं, हा तास संपू नये.

“उभा राह्यला!” ती ओरडली. “बाबा, उभा राह्यला! पाचही जागी बरोब्बर सटकला, बाकी कुठंच नाही!”

“वा!” सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

“बस, झालं. आता तुमच्याकडून मले काहीच नाही पाह्यजे. रोज विचारायची गरज नाही आता. तुम्ही आराम करा. मी स्लाइड बनवते, हौ?”

“हौ,” सर म्हणाले, आणि फोन बंद झाला.

सोमवारी दुपारी तिचा मेसेज आला. कमिटी खूश होती. पुढे हसरा चेहरा होता. सरांनी तो तीनदा वाचला. तरीही संध्याकाळी ते खुर्ची घेऊन ओसरीत बसले. सहा वाजले, सव्वासहा झाले. समोरच्या घरात दिवे लागले.

जिजाबाई कुंपणाशी आल्या. “आज फोन नाही आला?”

“तिचं काम झालं,” सर म्हणाले. “लय खूश आहे.”

“अन् रागावली नाही तुमच्यावर?”

“नाही ना,” सर म्हणाले. “रागावली असती, तर आणखी दहा मिनिटं बोलली असती.”