सादरकर्ती हजर पाहिजे

प्रीतीची पीएच.डी. एका प्रमाणपत्रासाठी अडली होती. प्रबंध लिहून, टाइप करून, बांधून तयार होता. फॉर्मवर तिच्या सह्या होत्या. पण प्रबंध जमा करायच्या आधी दोन ठिकाणी पेपर वाचल्याची प्रमाणपत्रं लागतात, असा नियम होता. एक प्रमाणपत्र होतं. दुसरं मिळायच्या आधी ती गेली. गेल्या सप्टेंबरात, डेंग्यूनं, सहा दिवसांत.

मी तिचा नवरा, सुमित हिवराळे. शिक्षण दहावी. जालन्यात मस्तगडला माझं मोटार भरायचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीतली तार काढायची आणि नवी तार भरायची, हे माझं काम. प्रीती कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायची आणि सात वर्षं पीएच.डी. करत होती. घनसावंगी तालुक्यातल्या साठ विहिरींचं पाणी तिनं तपासलं. त्यात खताचं नायट्रेट किती उतरलं, हा तिचा विषय. शेतकरी मला ओळखायचे, म्हणून मळ्यात कुणी अडवत नव्हतं. मी गाडी चालवायचो, दोरीनं पाणी काढायचो. ती बाटलीवर नंबर टाकायची. आम्हाला मूल झालं नाही. सात वर्षं आम्ही दोघांनी मिळून केलं ते हेच काम.

प्रबंध जमा करायची तिची मुदत तीस एप्रिलला संपणार होती.

एप्रिलच्या सुरुवातीला मी तिचं सामान आणायला तिचे मार्गदर्शक भुतेकर सर यांच्याकडे गेलो. सरांनी दार लोटून घेतलं.

"सुमितराव, एक मार्ग आहे. विद्यापीठाला आपण अजून कळवलेलं नाही. प्रमाणपत्र मिळालं की मी फाइल जमा करतो. जमा झाल्यावर कळवू; तारखा कोणी ताडून बघत नाही. जमा झालेला प्रबंध तपासायला जातो, मग मरणोत्तर पदवीसाठी अर्ज करता येतो. जमाच नाही झाला तर कशाचा अर्ज करणार?"

"पण सर, प्रमाणपत्र कसं मिळणार? ती तर..."

"जालन्यातच कार्यशाळा आहे, पंचवीस तारखेला. पीएच.डी. करणारे आणि पीएच.डी. झालेले, सगळ्यांसाठी. पुढच्या संधी कुठल्या, अर्ज कसा लिहायचा, आणि दुपारी पेपरवाचन. सप्टेंबरात होणार होती, पुढं ढकलली. प्रीतीनं तेव्हाच नाव नोंदवलं होतं. पेपर मंजूर आहे."

"तिथं उभं कोण राहणार?"

सरांनी कोपऱ्यात बसलेल्या आकांक्षाकडं पाहिलं. आकांक्षा घनसावंगीची. सरांकडचीच, प्रीतीच्या मागची विद्यार्थिनी, सव्वीस वर्षांची. प्रीतीला ताई म्हणायची आणि मला दाजी.

"दोनशे माणसं असतात," सर म्हणाले. "कोण कोणाला ओळखतंय?"

आकांक्षा खाली बघत म्हणाली, "ताईचा पेपर मला पाठ आहे दाजी. मी वाचते."

मी हो म्हणालो. हे खोटं आहे हे मला कळत होतं. पण सात महिने मी रात्रंदिवस एकच विचार करत होतो, की ही फाइल कपाटात पडली तर प्रीतीनं काहीच केलं नाही असं होईल. मला पदवी पाहिजे होती. कशीही.

पंचवीस तारखेला मी साडेनऊलाच कॉलेजात पोचलो. आकांक्षाचा फोन आला.

"दाजी, जीप भरल्याबिगर निघून न्हाई राह्यली. अजून तीन सीट पाह्यजेत म्हणतो ड्रायव्हर."

"अगं नोंदणी दहाला बंद व्हणार."

"तुम्ही लायनीत थांबा ना. रजिस्टरात नाव तेवढं लिहून ठेवा. मी आलेच."

मी रांगेत उभा राहिलो. टेबलावर हरिओम नावाचा ऑपरेटर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्यानं रजिस्टर पुढं सरकवलं. "नाव, कॉलेज, पेपरचा विषय. साफ लिहा दादा, यावरूनच यादी टाइप होणार."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. त्यानं मला पिशवी दिली, त्यात वही, पेन आणि जेवणाचं कूपन होतं.

आकांक्षा सव्वादहाला आली, धुळीनं भरलेली. "लिहिलं का?"

"लिहिलं."

"बराबर लिहिलं ना?"

"बराबर लिहिलं."

सभागृहात आम्ही मागं बसलो. पुण्याहून आलेले एक साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. पीएच.डी. झाल्यावर काय करायचं, परदेशात दोन वर्षं संशोधन कसं मिळतं, अर्जात स्वतःबद्दल कसं लिहायचं. माझ्या शेजारी आदिनाथ नावाचे एक सर होते. बदनापूरहून आलेले, तासिका तत्त्वावर अकरा वर्षं झालेले. ते पुढच्या रांगेतल्या मित्राच्या खांद्यावर टिचकी मारून म्हणाले, "ऐकून राह्यला का? पस्तीस वयाची अट हाये. मी चव्वेचाळीसचा. आता मागं वाढू का?"

मित्र म्हणाला, "तू जर्मनीत जाऊन काय करशील? तिथं रोज तास घ्यावा लागतो म्हणे."

"घेतो की! त्याचा पगार दर महिन्याला मिळतो का एवढं विचार."

आजूबाजूचे हसले. मग आदिनाथ सरांनी वही काढून पडद्यावरचा पत्ता उतरवून घेतला. अट लिहिली होती तरी उतरवून घेतला. प्रीतीही असंच करायची. तिच्या वहीत अशा वीस-पंचवीस जागांचे पत्ते होते. कुठं वय निघून गेलेलं, कुठं पदवी हातात पाहिजे म्हणून थांबलेली. पदवी झाली की मी हे करीन, ते करीन, असं ती मला गाडीवर मागं बसून सांगायची.

आकांक्षानं माझी बाही ओढली. "दाजी, कुणी ओळखलं तर?"

"कोण ओळखतंय?" मी म्हणालो. सरांनी मला सांगितलं ते मी तिला सांगितलं.

जेवणानंतर पेपरवाचन सुरू झालं. अध्यक्ष होत्या डॉ. बेबीनंदा मगरे, पन्नाशीच्या, पांढरी साडी, चष्मा. त्यांच्या हातात टाइप केलेली यादी होती. चार पेपर झाले. आकांक्षाला माहीत होतं, पाचवा आपला. ती आधीच उठून व्यासपीठाच्या पायरीशी उभी राहिली.

मॅडमनी यादीत पाहिलं आणि वाचलं, "यानंतर कालकथित प्रीती सुमित हिवराळे..."

आणि त्या थांबल्या.

आमच्या बौद्ध समाजात गेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित लावतात, दुसरीकडं कैलासवासी लावतात तसं. सात महिने मी प्रत्येक कागदावर तेच लिहीत आलो होतो. बँकेत, तहसीलला, रेशनच्या अर्जावर, पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर. गेलेल्या माणसाचं नाव उघडं लिहू नये, असं माझ्या आईनं शिकवलेलं. रजिस्टरात मी विचार करून लिहिलंच नव्हतं. हातानं लिहिलं होतं. आणि हरिओमला तो शब्द माहीत नव्हता. त्याला वाटलं नावच असं आहे. त्यानं टाइप केलं.

आकांक्षा व्यासपीठावर चढली होती. माइकसमोर उभी होती.

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "तुम्ही कोण?"

"प्रीती हिवराळे," आकांक्षा म्हणाली.

सभागृहात कोणीतरी हसलं. ज्यांना शब्द कळत होता ते हसले नाहीत.

"पुन्हा सांगा," मॅडम म्हणाल्या. "ओळखपत्र आहे?"

आकांक्षाचं तोंड पांढरं पडलं. मला एकदम कळलं की या पोरीची नोंदणी जाईल. खोट्या नावानं उभी राहिली म्हणून तिची पीएच.डी. बंद होईल. मी उठलो. माझ्या मांडीवरची पिशवी खाली पडली.

"मॅडम, ती पोरगी निर्दोष हाये. मी सांगितलं तिला. मी प्रीतीचा मालक."

"आणि प्रीती?"

"लिहिलंय ना मॅडम. ती न्हाई आता."

 पंख्याचा आवाज येत होता. मॅडमनी आकांक्षाला हातानं खाली जायला सांगितलं. मग माइक बाजूला करून मला जवळ बोलावलं.

"जय भीम भाऊ. असं का केलं?"

मी सगळं सांगितलं. तीस तारीख, फाइल, दुसरं प्रमाणपत्र. भुतेकर सरांचं नाव घेतलं नाही. ते घेतलं असतं तर आकांक्षालाच पुढं त्रास झाला असता.

"मॅडम, एवढा एक कागद द्या. ती ऑगस्टात स्वतः नाव नोंदवून गेल्ती. पेपर तिचा हाये. एकेक विहीर तिनं पाह्यली. मी शपथ घेतो."

"मला खरं वाटतं," त्या म्हणाल्या. "पण प्रमाणपत्रावर काय लिहिलेलं असतं माहिती आहे? हजर राहून पेपर वाचला. सादरकर्ती हजर पाहिजे. मी त्याखाली सही करते. कशी करू?"

"सात वर्षं हजर होती मॅडम. सात महिने अजून जगली असती तर..."

"भाऊ."

"तुमच्या पाया पडतो."

मी खरंच वाकलो. त्यांनी मला धरलं. त्यांचे डोळे भरले होते, पण होकाराची मान त्यांनी नाहीच हलवली. शेवटी म्हणाल्या, "वेळ तिच्या नावावर आहे. दहा मिनिटं. तुम्हाला बोलायचं असेल तर बोला. कागद मिळणार नाही."

मी माइकसमोर गेलो. पेपर इंग्रजीत होता, तो मला वाचता येत नव्हता. आकांक्षानं आणलेला तिचा तक्ता पडद्यावर लावला. आकडे मला माहीत होते. मी मराठीत सांगितलं. विहीर कुठली, किती फूट, उसाला की कपाशीला, बाजूला उकिरडा आहे की नाही. उकिरड्यापासून किती अंतरावर नायट्रेट वाढतं ते सांगितलं. मधे एकदा मी "आम्ही" म्हणालो आणि मग "तिनं" असं दुरुस्त केलं.

पुढं बसलेल्या एका वयस्कर सरांनी हात वर केला. "उन्हाळ्यात सगळीकडं आकडा वाढलाय. तेविसाव्या विहिरीत निम्मा झालाय. चूक आहे का?"

"चूक न्हाई सर. जानेवारीत त्यांनी विहिरीत आडवं बोअर मारलं. नवं पाणी लागलं, त्यात जुनं पाणी पातळ झालं. मोटार मीच बसवून आल्तो. प्रीतीला पण तुमच्यासारखीच शंका आल्ती. तिनं तीनदा तपासलं."

ते सर वहीत काहीतरी लिहू लागले. "हे काम चांगलं आहे," ते म्हणाले. "छापून आलं का कुठं?"

"न्हाई सर."

"का?"

 मी खाली उतरलो. टाळ्या वाजल्या. मला त्या नको होत्या.

बाहेर येऊन भुतेकर सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एक शब्द, सुमितराव. एक शब्द लिहिला नसता तर."

"चुकलं सर."

"आता पाच दिवसांत दुसरीकडं कुठं काही नाही. आणि आज दोनशे लोकांसमोर कळलंय, म्हणजे विद्यापीठात उद्या कळेल. मी फाइल नेऊ शकत नाही. माझीही नोकरी आहे."

"दुसरा काहीच मार्ग न्हाई?"

"नाही."

"मी कुलगुरूंना जाऊन भेटतो सर. त्यांच्या दारात बसतो."

"बसा," सर म्हणाले. रागानं नाही, थकून म्हणाले. "पण नियमाची प्रत मी सात वर्षं वाचतोय." फोन बंद झाला.

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. कोण्या कार्यालयात आता काय मागायचं तेच मला कळत नव्हतं. ती मेल्याचा दाखला माझ्याकडं होता. ती शिकल्याचा मला मिळणार नव्हता.

आकांक्षा रडत बाहेर आली. "दाजी, तुम्ही काहून लिहिलं हो? मी वाचला असता ना पेपर. झालं असतं."

"व्हय. झालं असतं."

"ताईची सात वर्षं गेली."

 ती खरं बोलत होती. थोड्या वेळानं तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, मॅडमनी तिचं नाव लिहून घेतलं नाही. परत असं केलं तर सोडणार नाही, एवढंच म्हणाल्या. ती घनसावंगीच्या जीपकडं गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

माझी पिशवी आत राहिली होती. ती घ्यायला गेलो तर सभागृह रिकामं होत होतं. दारात हरिओम कागदांचा गठ्ठा घेऊन बसला होता. प्रत्येकाकडून एक कागद भरून घेत होता आणि मग प्रमाणपत्र देत होता. त्यानं मला पाहिलं आणि उभा राहिला.

"दादा, मला खरंच माहीत नव्हतं. मी आपलं जसं लिहिलं तसं..."

"तुझी काय चूक?"

त्याला काय करावं कळेना. त्यानं तो कागद माझ्यापुढं धरला. कदाचित काहीतरी द्यावं म्हणून. मी पायरीवर बसून वाचला. वर विचारलं होतं, तुमच्या पुढील विकासासाठी कोणती संधी हवी आहे? खाली चार चौकोन होते. शोधनिबंध लेखनाचं प्रशिक्षण. प्रवासासाठी अनुदान. पीएच.डी.नंतरच्या संशोधनाचं मार्गदर्शन. नोकरीसाठी मुलाखतीची तयारी. वर नाव लिहायला जागा नव्हती.

मी चारही चौकोनांत खुणा केल्या आणि कागद परत दिला.

हरिओमनं पाहिलं. "दादा, यातलं एकच निवडायचं असतं."

"कोणतं, ते मला न्हाई सांगता येत," मी म्हणालो. "तिला विचारायचं राहिलं."

त्यानं कागद तसाच गठ्ठ्यात ठेवला.