खिडकीतला आंबा

भागवतला एका आंब्याच्या झाडात दोन फायदे दिसत होते. एक, स्वतःच्या दारात खुर्चीपुरती सावली. दुसरा, आणि खरा, शेजारच्या बाबाजानच्या तोंडातून सुटका. आंबे लागलेच तर ते वर.

कोल्हारच्या त्या गल्लीत सावलीचं झाड एकच, बाबाजानच्या दारातला लिंब. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून भागवतची दुपारची खुर्ची तिथंच पडायची, आणि सावलीच्या बदल्यात बाबाजानचं ऐकावं लागायचं. बाबाजानचा मुलगा परवेझ सुप्याला कंपनीत होता. कँटीनमध्ये काय होतं, ते तो रोज जेवणाच्या सुट्टीत बापाला फोनवर सांगायचा. दोन वाजल्यापासून ते भागवतला कळायचं, बारकाव्यांसकट. पनीर असेल त्या दिवशी पाच वाजायचे.

एका जूनमध्ये बाबाजाननंच त्याला सासुरवाडीहून आलेला गावरान आंबा खायला दिला. भागवतनं आंबा खाल्ला, कोय धुतली आणि खिशात घातली. बाहेर लावली असती, तर बाबाजानच्या तीन शेळ्यांनी पहिलं पान उलगडायच्या आत तिचा निकाल लावला असता. म्हणून त्यानं तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरली आणि डबा घरात घेतला. घरात ऊन येणारी खिडकी एकच. तिथं बायकोचं, मनकर्णाचं, शिलाई मशीन होतं. ते आतल्या भिंतीला गेलं.

तीन आठवड्यांत तांबूस कोंब वर आला. दिवाळीपर्यंत रोप वीतभर झालं आणि गजांकडं कललं. डबा अधूनमधून फिरवत जा, असं मनकर्णानं सुचवलं. पण तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला एकदा बसलेल्याची जागा बदलणं पटत नाही. संक्रांतीला रोप असं दिसू लागलं, की आपला स्टॉप आला का ते बघायला खिडकीतून डोकावतंय. पाणी मनकर्णा घालायची. भागवत उंची मोजायचा.

अक्षय्य तृतीयेला केलेलं काम टिकतं, म्हणून झाड लावायला त्यानं तोच दिवस धरला. सकाळीच डबा अंगणात आणला, हळदकुंकू वाहिलं. खड्डा तयार होता, संध्याकाळी लावायचा बेत होता. जन्मापासून घरात वाढलेल्या रोपानं दिवसभर उन्हाळा अंगावर घेतला. चारच्या सुमाराला त्याची पानं कडेनं भाजलेल्या पापडासारखी झाली.

बाबाजान कुंपणापलीकडून बराच वेळ बघत होता.

"कंडक्टर, आतल्या शिटावरचा पाव्हना तुमी एकदम टपावर बसवला व्हय? त्याला आदी सावलीत ठिवा. मग रोज थोडं थोडं ऊन दाखवा."

सावली कुठं आहे, ते दोघांनाही माहीत होतं.

डबा लिंबाखाली गेला. लिंबाखालीच शेळ्या बांधलेल्या, त्यातली एक दावं सोडवण्यात पटाईत. राखणीला माणूस लागणार होता. आतापर्यंत भागवत दुपारी दोनला जायचा, तो सकाळी आठला जाऊन बसू लागला. त्या महिन्याभरात सुप्याची आमटी दिवसागणिक कशी पातळ होत गेली, हे त्याला परवेझइतकंच पाठ झालं. एकदा तर त्यानं आपणहून विचारलं, आज काय होतं म्हणून. बाबाजाननं ते फार मनावर घेतलं.

रोपाला नवी पालवी फुटली. जूनच्या मध्याला ते भागवतच्या दारात लागलं, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. खुर्चीवर सावली पडायला किती वर्षं, ते बाबाजाननं बोटांवर मोजून सांगितलं. आठ. भागवतला बासष्टावं चालू होतं. खुर्ची लिंबाखालीच राहिली.

इकडं मनकर्णानं मशीन खिडकीकडं ओढायला घेतलं, तर तिथं डबा परत आलेला, नव्या मातीनं भरलेला. पहिलं रोप दगावलं तर हाताशी असावं, म्हणून भागवतनं बाबाजानकडचा आणखी एक आंबा खाऊन त्याची कोय लावली होती.

"आठ वर्सांनी सावली पडली, की तिथं मी माजं मशीन मांडीन," ती म्हणाली. "तुमी बसा लिंबाखाली पनीर ऐकत."

झाडापायी बाबाजानचे दोन आंबे गेले आणि भागवतचे दोन्ही कान. मनकर्णाच्या चष्म्याचा नंबर पाऊणनं वाढला, आणि मशीन अजून आतल्या भिंतीलाच आहे.