सात हात

मुख्तारचा हात माझ्या हातापेक्षा तीन इंच लांब होता. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, अगदी मोजून तीन इंच. ही गोष्ट मला चाळीस वर्षं माहीत होती, आणि ज्या दिवशी आठवायला हवी होती त्याच दिवशी आठवली नाही.

आम्ही दोघं धुळ्यात नळाची आणि गॅसच्या लाइनीची कामं करायचो. अभिमन मिस्तरी आणि मुख्तार मिस्तरी. लोक एकाला बोलवायचे आणि दोघं यायचो. टेप होता आमच्याकडे, पण मातीत लोळून लोळून त्याचे आकडे पुसले गेले होते आणि नवा घ्यायची दोघांनाही घाई नव्हती. आम्ही हातानेच मोजायचो. त्याचा एक नियम होता. जो लाइन टाकेल त्याचाच हात, आणि जवळपास कुठे तरी लाल रंगाने आकडा लिहून खाली त्याचं अक्षर. मी टाकली तर ‘अ’, त्याने टाकली तर ‘मु’. पुढे कधी खणायची वेळ आली तर कुणाच्या हाताने मोजायचं ते कळावं, एवढ्यासाठी ते अक्षर. नियम मुख्तारनेच काढला होता. मी त्याची थट्टा करायचो, “मोठा सही करनारा साहेब व्हई गया!” तो हसायचा आणि ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा.

मुख्तारला जाऊन सहा वर्षं झाली. त्याचा मुलगा फैसल भंगाराचा धंदा करतो. पस्तिशीचा आहे, दोन मुलांचा बाप, आणि उंचीने थेट बापावर गेलेला.

साक्री रोडला एक प्रसूतिगृह आहे. तिथे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही गॅसवरचा बॉयलर बसवला होता. बाळंतिणींना अंघोळीला कढत पाणी मिळायचं, ते त्याच्यातून. आता गच्चीवर सोलर आलं आणि बॉयलर गंजून भोकं पडलेला. डॉक्टर दिपमालाबाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, “मिस्तरी, तुम्हीच बसवलात, तुम्हीच काढा. आणि मागे नवी खोली काढायची आहे, तर जमिनीत काय काय पुरलंय तेही दाखवून जा.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली. या वयात माणसाला कोणी विचारलं की त्याला वाटतं, अजून आपल्यावाचून अडतं.

बॉयलर भंगारात घ्यायला फैसल आला. नटबोल्ट सगळे सुटले, पण मागच्या बाजूला भिंतीला लागून एक जोड होता, तो काही माझ्या हाताला येईना. पाना घेऊन मी गाल भिंतीला घासला, शिव्या दिल्या, तरी बोटं चार अंगुळं अलीकडेच. फैसल म्हणाला, “चाचा, ऱ्हाऊ द्या. मी काढस.” त्याने हात आत घातला आणि दोन फेऱ्यांत जोड मोकळा केला. तो जोड त्याच्या बापाने आवळला होता. बसवतानाही माझा हात तिथे पोचला नव्हता. मी म्हणालो, “बापसारखाच माकड शे तू,” आणि फैसल हसला.

बॉयलरचं पत्र्याचं दार काढल्यावर आतल्या बाजूला काजळीखाली लाल अक्षरं दिसली. मी फडक्याने पुसलं. ‘गॅस लाइन. कंपाउंडपासून ७ हात.’ खाली ‘मु’. फैसल बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिला. म्हणाला, “हाई दार मी मोडाव नही. दुकानमा टांगी ठेवसू. अब्बाना हातनं शे.”

मी ‘मु’ वाचला. पण वाचून उपयोग काय? सहा वर्षांत मला सवय लागली होती त्याची कामं माझी म्हणून सांगायची. आपलंच तर होतं सगळं, असं वाटायचं. मी मागच्या अंगणात गेलो, कंपाउंडच्या भिंतीला कोपर टेकवलं आणि माझ्या हाताने सात हात मोजले. तिथून भिंतीला समांतर अशी चुन्याची फक्की मारली. सरळ, पांढरी, बघत राहावी अशी.

बांधकामाचा ठेका लीलाधर नावाच्या इंजिनिअरकडे होता. कालपरवाचा मुलगा, गळ्यात गॉगल. तो म्हणाला, “काका, टेपने मोजू या का एकदा? आणि सिलिंडर बंद करून घेऊ.”

मी त्याला सगळ्या मजुरांसमोर झाडला. “साहेब, तुमचा जन्म व्हायच्या आधी ही लाइन टाकलीय. लाइन तिथे, तुमचा पायाचा चर तिच्यापासून दीड फूट लांब. आणि सिलिंडर बंद केलं तर आत बाळंतिणींचा शिरा कोण करणार, तुम्ही?” मजूर हसले. त्याने टेप परत खिशात टाकला. बॉयलर निघाला होता, पण त्याच लाइनीवर दवाखान्याचं स्वयंपाकघर चालू होतं. लाइनीत गॅस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला झुलालने जमीन फोडायचा ब्रेकर लावला. झुलाल पिंपळनेरकडचा, ठेकेदाराकडे खोदकामाला होता. मी सावलीत चहा पीत होतो. फैसल टेम्पोत बॉयलरचे तुकडे चढवत होता. आधी एक शीळ ऐकू आली, आणि मग भक्कन आवाज झाला. चरातून ज्वाळा वर आली, माणसाच्या उंचीची. झुलाल दोन्ही हात पुढे धरून बाहेर पडला. त्याच्या हातांवर कातडं राहिलं नव्हतं.

मी धावत जाऊन सिलिंडरचे कॉक फिरवले. ज्वाळा बसली. आत नऊ बाळंतिणी होत्या. कुणाचे टाके ताजे, कुणाचं बाळ एका रात्रीचं. त्यांना धरून, उचलून समोरच्या दुकानांच्या ओट्यांवर बसवलं. कुणाला खरचटलं नाही, ही देवाची कृपा. माझी तर नक्कीच नाही.

झुलालला सरकारी दवाखान्यात नेल्यावर लीलाधरने चरात टेप टाकला. गॅसची नळी निघाली होती भिंतीपासून बारा फुटांवर. माझी फक्की सव्वादहा फुटांवर. तो म्हणाला, “ज्याने लाइन टाकली त्याने मोजलंच नाही. सात हात लिहून मोकळा झाला.”

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “मिस्तरी, ही लाइन कोणी टाकली होती?”

मी म्हणालो, “मुख्तारने.”

शब्द तोंडातून निघाला आणि त्याच क्षणी मला बॉयलरच्या मागे आत गेलेला फैसलचा हात आठवला. सगळं कळलं. मुख्तारचे सात हात म्हणजे बारा फूट. माझे सात हात म्हणजे सव्वादहा. मुख्तार एक बोटभरही चुकला नव्हता. पण मी तोंड उघडलं नाही. खोटं एक अक्षर बोललो नव्हतो, लाइन मुख्तारनेच टाकली होती. मी खऱ्याच्या आड लपलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, “गेलेल्या माणसाला आता काय बोलायचं!” आणि विषय तिथे संपला. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्यासी कबरीत. तो थोडाच उठून बोलणार होता?

फैसल टेम्पोजवळ उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मान खाली घालून तो गाडीत बसला आणि निघून गेला.

तीन दिवस मी घरात बसून राहिलो. मनाशी वाद घालत होतो. मुख्तारला आता काय फरक पडतो? माझं मात्र गावात नाव आहे, या वयात ते घालवून कसं चालेल? असा वाद घालणाऱ्या माणसाचा मला एरवी फार राग येतो.

चौथ्या दिवशी झुलालला बघायला गेलो. दुपारची वेळ होती. खाटेवर झुलाल, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. आणि त्याच्या शेजारी स्टुलावर फैसल, हातात वाटी. दुधात भाकरी कुस्करून एकेक घास झुलालला भरवत होता. शेजारच्या खाटेवरची बाई मला म्हणाली, पहिल्या दिवसापासून दोन्ही वेळा येतो हा. झुलालची बायको गावाकडे गुरं आणि पोरं सोडून येऊ शकत नाही.

मला बघून झुलाल म्हणाला, “बाबा, तुम्ही त खूण बरोबर दिन्ही व्हती. जमीनना पोटमा काय शे, कोणले माहीत?”

मी फैसलला व्हरांड्यात घेऊन गेलो. विचारलं, “तू कसाले येस रे आठे?”

तो म्हणाला, “चाचा, अब्बा त गया. त्यानी चूक कोन निस्तरी? मालेच निस्तरनी पडी.” मग म्हणाला, “ते दार मी ढिगमा फेकी दिन्हं.”

बापाचं अक्षर म्हणून जे दार तो दुकानात टांगणार होता, ते त्याने भंगारात टाकलं होतं. मी मुख्तारला खांदा दिला होता. त्या दिवशी कबरीवर मूठभर माती टाकताना मनात म्हटलं होतं, तुझ्या पोराला मी आहे. आणि मी हे केलं होतं. तिथे व्हरांड्यात मला बोलायला हवं होतं. पण मला वाटलं, नुसतं बोललो तर फैसलला वाटेल, चाचा बापाची लाज राखायला आळ आपल्यावर घेतोय. तो मला ओळखतो. त्याला डोळ्यांनी दिसायला हवं होतं, आणि ज्यांच्यासमोर मी मुख्तारचं नाव घेतलं त्यांनाही.

“उद्या सकाय साक्री रोडना दवाखानामा ये,” मी म्हणालो. “दार ढिगमातून काढी लय.”

तो दार घेऊन आला. डॉक्टरबाई आणि लीलाधर दोघांनाही मी बोलावून घेतलं होतं. चर अजून उघडाच होता, तुटलेली नळी दिसत होती. तिच्यावर डांबर आणि गोणपाट गुंडाळलेलं, वरून विटांचा एक थर, दोरी लावल्यासारखा सरळ. असं काम आता कोणी करत नाही.

मी आधी माझा हात भिंतीला लावला आणि मोजत गेलो. सातव्याला माझी बोटं फक्कीवर आली. तशीच पुढे मोजली, तर नळी आली आठ हात आणि वर चार बोटांवर.

“आते तू मोज,” मी फैसलला म्हणालो. “तुन्हा हात बापना शे.”

तो खाली बसला. भिंतीला कोपर टेकवलं. एक. दोन. लीलाधर वाकून बघू लागला. पाचव्या हाताला फैसलला कळलं असावं, कारण तो हळू झाला. सहावा. सातव्याला चराच्या कडेवरून त्याचा हात पुढे गेला आणि बोटाचं टोक नळीच्या बरोबर वर आलं. तो हात तसाच धरून बसला.

मी म्हणालो, “बाई, मुख्तारने बरोबर लिहिलं होतं. अक्षरही लिहिलं होतं, कुणाचा हात ते. मी माझ्या हाताने मोजलं. टेप लावायला हे म्हणत होते, मी लावू दिला नाही. सिलिंडर बंद करू दिले नाहीत. चूक माझी आहे, आणि त्याच दिवशी मला ती कळली होती.”

डॉक्टरबाईंनी नळीवरच्या फैसलच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “त्याच दिवशी?”

“हो.”

“मिस्तरी, आता तुम्ही काम थांबवा,” एवढंच म्हणून त्या आत गेल्या. लीलाधरने मला टोमणा मारायला हवा होता. त्याने मारला नाही, ते जास्त लागलं.

फैसल उठला. हाताची माती झटकली, दार उचलून टेम्पोत ठेवलं, ढिगात नाही, पुढे स्वतःच्या सीटशेजारी. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मी विचारलं, “फैसल, माले शिवी तरी दे ना भो.” त्याने दिली नाही.

दुपारी मी झुलालकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं. तो छताकडे बघत राहिला. फैसल वाटी घेऊन आत आला, मला बघून थांबला. खाटेच्या त्या बाजूला तो, या बाजूला मी. भाकरी दुधात भिजत होती.

मग त्याने वाटी माझ्यापुढे धरली.

“आते तुम्ही भरवा, चाचा,” तो म्हणाला, आणि स्टूल माझ्याकडे सरकवून बाहेर निघून गेला.

मी बसलो. पहिला घास उचलून तोंडाशी नेला. झुलालने बराच वेळ तोंड उघडलं नाही. मी हात तसाच धरून ठेवला.