रुमालाखालचा हात

देवरावकाकांचा मणका दबला तो संत्र्यांची पेटी उचलताना. पेटी काही मोठी नव्हती. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला आणि हाडं विरळ झाल्याचं सांगितलं. खाली बसायचं नाही, पुढे वाकायचं नाही.

काका संत्रा मार्केटमध्ये अडत्या होते. काटोलकडचा माल त्यांच्या गादीसमोर उतरे. तिथे भाव तोंडाने सांगत नसत. काकांच्या मांडीवर रुमाल पसरलेला असे. एकेक व्यापारी गुडघ्याला गुडघा लावून समोर बसे, रुमालाखाली हात घाली आणि काकांची बोटं दाबून आपला भाव कळवी. काकू गेल्यापासून काका घरी फारसं बोलत नसत. गादीवर मात्र सकाळभर कुणाचा ना कुणाचा हात त्यांच्या हातात असे.

आजारानंतर त्यांच्यासाठी गादीशेजारी खुर्ची ठेवली. खुर्चीवरून रुमाल खालपर्यंत पोचेना. व्यापाऱ्याने हात वर करावा तर मनगटाची हालचाल सगळ्यांना दिसे. मग सौदे त्यांचा भाचा अनंत करू लागला. काका वर बसून सगळ्यांच्या टोप्या पाहत.

एका दुपारी ते मला म्हणाले, "चारू, तू बी.एस्सी. झाली ना वं? मले परत गादीवर बसव. म्हणशील ते खातो."

मी त्यांच्याकडे राहून नोकरी शोधत होते. मी आधी त्यांचा दिवस नीट पाहिला. पहाटे अंधारात घर सोडायचे, पत्र्याखाली बसायचे, चहा आणि पान. ना ऊन, ना दूध, ना चालणं.

"चुना तर रोज पानातून खातो मी," ते म्हणाले.

"पान बंद. दूध, दही, तिळाची चटणी, वरण आणि हिरव्या भाज्या."

"आन् संत्रं?"

"त्यात कॅल्शियम थोडंच असतं."

"मंग जन्मभर मी काय विकून राहिलो वं?"

हाड म्हणजे भिंत नव्हे, ते मोडत आणि बांधत राहतं. त्याच्यावर भार पडला तरच नवं बांधायची गरज त्याला कळते, असं मी समजावलं. डॉक्टरांना विचारून आम्ही सकाळच्या उन्हात चालायला लागलो. घरी भिंतीला धरून ते टाचा उचलत. खाली पडलेली वस्तू कंबरेत न वाकता, गुडघे वाकवून उचलायला शिकले. एकही दिवस त्यांनी चुकवला नाही. आपण होऊन इतकं ऐकणारा माणूस मी पाहिला नव्हता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मृग बहाराची संत्री बाजारात आली तेव्हा डॉक्टरांनी परवानगी दिली: पाठीला लोड लावून, ताठ, थोडा वेळ. काकांनी रुमाल स्वतः धुतला. मी सोबत गेले.

नत्थूजी हे काकांचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. ते सवयीने अनंतसमोर बसले होते. काका दिसताच ओशाळून उठले, काकांसमोर येऊन बसले आणि रुमालाखाली हात घातला. काकांनी मान किंचित तिरपी केली. भाव घेताना ते नेहमी तशी करत. हात बराच वेळ आत राहिला.

"बरं हाये ना गा, देवराव?" नत्थूजी मोठ्याने म्हणाले. "आता जपजो बाप्पा." मग ते उठून अनंतकडे गेले. तिथे रुमाल भराभर हलला आणि अनंतने ठरलेला भाव पुकारला. पेट्या उचलल्या गेल्या.

मी वाकून विचारलं, "तुम्हाला किती सांगितला त्यांनी?"

"बोट दाबलंच नाही त्यानं," काका म्हणाले. "नुस्ता हात धरला. बिमाराचा धरतात तसा."

"घरी जायचं?"

त्यांनी रुमाल मांडीवर पुन्हा सारखा केला आणि हात त्याच्याखाली ठेवला.

"थांब वं जरा. अजून माल उतरून राहिला."