वावळाचं प्रकरण

सरोजिनी दातारांच्या नजरेच्या मधोमध दोन वर्षांपूर्वी एक धुरकट ठिपका आला आणि वाढत गेला. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा आता त्यांना दिसत नसे. कडेचे पडदे, कुंड्या तेवढ्या दिसत. चाळीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईंना हे चारचौघांत सांगावंसं वाटलं नाही. त्यामुळे निसर्गावरच्या पुस्तकांच्या एका पुरस्कारासाठी परीक्षक व्हाल का, असा फोन आला तेव्हा त्या सरळ "हो" म्हणाल्या. नामांकन मिळालेली पाच पुस्तकं नारायण पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटवर येऊन पडली आणि मग त्यांनी नसीमबानूंना बोलावलं.

नसीमबानू त्यांच्या सकाळच्या फिरण्यातल्या सोबती. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या.

"वाचून दाखवाल?"

"शुद्धलेखनाच्या चुकांसकट?"

"त्या जरा मोठ्यानं वाचा."

रोज दुपारी दोनला वाचन सुरू होई. नसीमबानूंचा आवाज खालच्या पट्टीतला, संथ. घुबडांवरचं पुस्तक झालं, ओढ्यातल्या माशांवरचं झालं. सरोजिनीबाई आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत. डोळे मिटले की ठिपका नाहीसा होई आणि त्या जागी पाणी हलू लागे, त्यात चांदीच्या कातरणासारखे मासे वळत.

तिसरं पुस्तक देशी झाडांवरचं होतं. माहिती पक्की, पण लिहिणं मतदारयादीसारखं. तिसऱ्या पानाला सरोजिनीबाईंची मान कलू लागे. नसीमबानू थांबल्या की लगेच आवाज येई, "थांबू नका, ऐकतेय."

एका दुपारी वावळाच्या झाडाचं प्रकरण दीड पानात संपलं. सरोजिनीबाईंचा श्वास संथ झाला होता. गप्प झालं तर त्या जाग्या होतील, म्हणून नसीमबानूंनी पुस्तक मिटलं आणि त्याच लयीत बोलत राहिल्या.

"मार्केट यार्डात कांद्याच्या एका गाळ्यामागे असाच एक वावळ होता. फाल्गुनात त्याच्या चकत्या सुटत. गोल, कागदासारख्या पातळ, मधोमध एकच बी. वारा आला की त्या हमालांच्या पाठीवर पडत, चहाच्या कपात पडत, तराजूच्या पारड्यात साचत. गाळ्याचा मालक आधी पारड्यावर हळूच फुंकर मारी आणि मगच वजन करी. त्याच्या मुली चकत्या सोलून आतलं बी खात. पान चुरगळलं तर मात्र असा उग्र वास येई, की शाळेत शेजारची मुलगी सरकून बसे."

गाळ्याचे मालक म्हणजे नसीमबानूंचे अब्बा. झाड रस्ता रुंद करताना गेलं, अब्बा त्याआधीच. हे सगळं त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. खुर्चीत सरोजिनीबाई झोपेत हसत होत्या. नजरेच्या ऐन मधोमध, जिथे दोन वर्षं काहीच नव्हतं, तिथे फिकट हिरव्या चकत्या तरंगत खाली येत होत्या. एक त्यांनी तळहातावर झेलली. बी त्यांना स्वच्छ दिसलं.

चौथं पुस्तकही वाचून झालं. मनातून निसटायला नको म्हणून त्या चारांचे गुण लिहून ठेवायचं ठरलं. सरोजिनीबाई सांगत होत्या, नसीमबानू लिहीत होत्या.

"देशी झाडं. नव्वद. शेरा लिहा: सुरुवातीला रुक्ष वाटणारा लेखक वावळापाशी येतो आणि कमाल करतो. तराजूवर फुंकर मारणारा तो व्यापारी..."

पेन थांबलं.

"काय झालं? शाई संपली?"

"सरोजिनीताई, तो व्यापारी पुस्तकात नाहीये."

"म्हणजे?"

"ते माझे अब्बा होते. तुमचा डोळा लागला होता आणि मी आपली बोलत राहिले."

कुकरची शिट्टी शेजारच्या घरात झाली.

"पुस्तकात काय आहे?"

नसीमबानूंनी पान काढलं. "वावळ हा मोठा पानझडी वृक्ष असून त्याची साल करड्या रंगाची..."

"पुरे." सरोजिनीबाईंचा चेहरा ताठ झाला होता. "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही हसत होतात. डोळे अधू झाल्यापासून तुम्हाला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, आणि राहिलं. चुकलंच माझं."

"तुमचं कसलं? परीक्षकबाई झोपा काढतात आणि नव्वद गुण वाटतात."

त्यांनी फोन मागून घेतला. पुरस्काराचं काम पाहणाऱ्या पुष्करला त्यांनी सगळं सांगितलं: डोळ्यांचं, वाचून घेण्याचं, झोपेचंही. डोळ्यांचं बोलताना आवाज थोडा कापला, पण थांबला नाही. पुष्कर म्हणाला, "मॅडम, ऐकून परीक्षण करायला काहीच हरकत नाही. ते पुस्तक पुन्हा ऐका, मुदत वाढवतो."

"उपयोग नाही हो. आता त्या लेखकाच्या प्रत्येक झाडाखाली मी दुसरंच झाड शोधत बसेन. त्याच्यावर अन्याय होईल. कुठल्याच पुस्तकाला माझं मत धरू नका."

फोन ठेवल्यावर त्या हलक्या झाल्यासारख्या मागे टेकल्या. नसीमबानू मात्र पिशवी उचलून उभ्या राहिल्या. "येते मी. तुमचं काम घालवलं."

"बसा. माळरानाचं पुस्तक राहिलंय."

"आता कशाला? गुण तर द्यायचे नाहीत."

"म्हणून तर. गेले तीन आठवडे मी एकेक वाक्य मापत ऐकतेय. आज नुसतं ऐकू द्या."

पुढे महिन्याभरानं माशांच्या पुस्तकाला पुरस्कार मिळाल्याची बातमी आली आणि दोघींना ती पटली. पण त्या दुपारी दोघींपैकी कुणाला त्याची फिकीर नव्हती. नसीमबानूंनी पाचवं पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर सासवडकडचं पिवळं गवत होतं, त्यात अंडी राखत बसलेली टिटवी.

"हे पुस्तकातलंच ना?" सरोजिनीबाईंनी डोळे मिटता मिटता विचारलं.

"अक्षर न् अक्षर."

"मग सावकाश वाचा," त्या म्हणाल्या. गवत दोन्ही बाजूंनी हलू लागलं होतं.