तुडुम

चंपतरावांनी लाल पेन्सिलीची रेघ तलावाभोवती फिरवत आणली आणि पाळीखालच्या, म्हणजे तलावाच्या बांधाखालच्या, रस्त्याशी थांबवली. रेघेच्या आत तीनशे बारा घरं. तलाव मंडळ या घरांचंच, मतही त्यांनाच. उद्या हा नकाशा महापालिकेत जायचा होता.

"आन् आमची गल्ली?"

प्रेमिलाबाईंनी रस्त्यापलीकडे बोट ठेवलं. ते कागदाबाहेर, टेबलावर टेकलं.

"मावशी, तुमच्या घरून तलाव दिसत नाही ना," चंपतराव म्हणाले. निवृत्त नकाशानवीस, माणूस सभ्य, पण एकदा ओढलेली रेघ त्यांच्याच्यानं खोडवत नसे. "पाणी दिसते तिथवर तलावाचे लोक. नियम सगळ्याइले सारखा."

"दिसत नाही, पन पानी येत होतं. उद्या तुमी पाळीवर भिंत घालान, मंग आमाले कोन विचारन? मागच्या सभेतबी सांगतलं मी, तुडुम हाये म्हनून."

श्वेतानं वही उघडली. मंडळाचं टिपण तीच ठेवायची. अक्षर मोत्यासारखं, आणि दुसऱ्याचं मराठी न विचारता सुधारायची खोड. तिनं वाचलं, "प्रेमिलाबाई म्हणाल्या, तलाव तुडुंब आहे."

"तुडुंब नाही वं पोरी. तुडुम."

"म्हणजे काय?"

बाई उठल्याच. सत्तरी ओलांडलेल्या, पण पाळीवरून अशा चालल्या की अंगणच त्यांचं. चंपतराव, श्वेता आणि सभेची पंधरा-वीस माणसं मागोमाग निघाली, कुणी चहाचा कप हातात घेऊनच. बेशरमाच्या झुडपांमागे बाईंनी पदर खोचला, जलपर्णी बाजूला सारली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

"मावशी, साप-बिप असन," मागून कुणीतरी म्हणालं.

"असन तर त्यालेबी मत देजा."

पाण्याखाली घडीव दगडाची पायरी होती. तिच्याखाली दुसरी, मग तिसरी, हिरव्या अंधारात उतरत गेलेल्या. प्रत्येक पायरीला गोल भोक आणि भोकात सागवानी खुंटी. पाणी उतरेल तशी खालची खुंटी काढायची. हेच तुडुम, तलावाचं पाणी सोडायची वाट. बाईंचे सासरे बळीराम, त्यांचे मामाजी, हेच करायचे, पाळीखालच्या धानाला पाणी सोडायचे. पुढे धानाच्या शेतांची बांधी गेली, घरं आली. चाळीस वर्षांत खुंटीला कुणाचा हात लागला नव्हता.

चंपतराव गुडघ्यांवर बसले. दगडांच्या सांध्यावरून त्यांनी नख फिरवलं, ते कुठेच शिरेना. जन्मभर हद्दी मोजलेल्या माणसानं ते पुन्हा एकदा फिरवून पाहिलं.

"काढू?" बाईंनी विचारलं.

दोघांनी मिळून वरची खुंटी हलवली, पिळली, ओढली. आधी काहीच झालं नाही. मग पाळीच्या पोटात गुडगुडलं, आणि तो आवाज सगळ्यांच्या पायांखालून रस्त्याकडे निघाला. चहा पिणाऱ्यानं कप खाली ठेवला. सगळी माणसं आवाजामागे चालू लागली.

रस्त्यापलीकडे प्रेमिलाबाईंच्या गल्लीत दारांसमोरून एक दगडी नाली जात होती. आता तिच्यात कुंड्या होत्या, एका स्कूटरचा स्टँड होता. नालीतली वाळकी पानं आधी नुसती थरथरली. मग बोटभर पाणी आलं, मग वीतभर, पानं पुढे घालून एकेका दारावरून जाऊ लागलं. बायका बाहेर आल्या. एकीनं वाळत टाकलेले पापड उचलले आणि तशीच उभी राहिली.

तीस वर्षं चंपतराव रोज सकाळी त्या पाळीवर फिरत होते. घरापासून दोनशे पावलांवर हे होतं, आणि त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना लाज वाटली.

"मावशी, पुढं कुठवर जाते हे?"

"मामाजी म्हनत, लय दूर. मी शेवटवर कधी गेलीच नाही."

पाणी गल्लीच्या वळणावरून पलीकडच्या वस्तीत शिरलं.

चंपतरावांनी नकाशा तिथेच एका ओट्यावर पसरला. श्वेतानं वहीतलं 'तलाव तुडुंब' खोडून वर नीट 'तुडुम' लिहिलं. लाल पेन्सिल रस्ता ओलांडून गेली आणि कागदाच्या कडेला अडली.

"श्वेता, एक कागद दे. याले जोडतो."

प्रेमिलाबाई अजून पाण्याकडेच बघत होत्या.

"एकानं नाही भागत, भाऊ," त्या म्हणाल्या.