घागरीतला कौल

हसनाबादच्या बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा जास्त गर्दी एका घागरीभोवती होती. लोकसभेचं मतदान तोंडावर आलेलं, आणि गळ्यात माळांचा भारा घातलेले सर्वेबाबा ओरडत होते, "टीव्हीवाल्यांचा सर्वे चुकतो, आईचा न्हाई! खासदारसायबाला हरभरा, विरोधकाला बाजरी. एकेक दाणा टाका, मूठ झाकून, बिलकुल गुप्त!"

लोकांनी रांगेनं दाणे टाकले. बाबांनी डोळे मिटून घागर गदागदा हलवली, आत हात घालून वरची मूठ भरली आणि उघडून दाखवली. हरभराच हरभरा! पुन्हा हलवली, पुन्हा तेच. माणसांनी हात जोडले.

माझ्या शेजारी चांगुणाबाई उभ्या होत्या. एकही मतदान न चुकवलेली बाई. पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "मंग उन्हात कशाला जायचं? कौल तर लागून गेला."

मागच्या बायकांनी माना डोलावल्या. मला भीती वाटली ती याचीच.

"थांबा जरा!" शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या दैवशाला मॅडम गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी किराणा दुकानातून काचेची बरणी आणवली. तळाशी हरभरा ओतला, वर बाजरी. "चांगुणाबाई, हलवा."

चांगुणाबाईंनी बरणी हलवली. बाजरी फटींतून खाली उतरली. हरभरा वर!

"तुमच्या अंगात आई आली का?" मॅडमनी विचारलं. "बारीक दाणा खाली जातो, मोठा वर राहतो. बाबा मूठ वरचीच भरतात."

बाबा गरजले, "घागरीला हात लावाल तर वाटोळं होईल!"

"होऊ दे," म्हणत चांगुणाबाईंनी घागर पोत्यावर पालथी केली. बायकांनी हरभऱ्याला बाजरीचा दाणा अशा जोड्या लावल्या. हरभरे संपले, बाजरी उरली. तोवर बाबा खासदारांच्या प्रचाराच्या जीपमध्ये जाऊन बसले होते.

मॅडम म्हणाल्या, "प्रामाणिक सर्वेसुद्धा अंदाजच असतो. कुणाला विचारलं, कुणाला वगळलं, ते आधी विचारा. आणि तो ऐकून आपण घरी बसलो तर फायदा कुणाचा, हेही विचारा."

"म्या तर जानार," चांगुणाबाई जीपकडे बघून मोठ्यानं म्हणाल्या. "हारलो तर बराबर मोजून हारू. मोजायच्या आधी न्हाई!"